फॅनी लू हॅमर : मताच्या हक्कासाठी मार खाल्लेली कापूस वेचणारी बाई

मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स ही नावे आपल्या चळवळीतल्या तरुणांना माहीत आहेत. ब्लॅक पँथर तर आपल्याला घरचीच वाटते, कारण १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तिच्यावरूनच घेतले. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यात एक नाव असे आहे, जे तिकडे शाळकरी मुलांनाही सांगितले जाते आणि आपल्याकडे मात्र क्वचितच घेतले जाते. ते नाव म्हणजे फॅनी लू हॅमर.

त्या वकील नव्हत्या, प्राध्यापक नव्हत्या, धर्मगुरूही नव्हत्या. दुसऱ्याच्या मळ्यात कापूस वेचणारी, एका पायाने लंगडणारी, शाळेत जेमतेम सहा वर्षे गेलेली ही बाई. आपल्याला मत देण्याचा हक्क आहे, हे त्यांना वयाच्या ४४ व्या वर्षी कळले. त्या एका हक्कासाठी त्यांचे घर गेले, काम गेले, पोलीस कोठडीत शरीर मोडले गेले. आणि दोन वर्षांच्या आत ही बाई अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला घाम फोडणारी साक्ष देत होती. तिचे हे आयुष्य आपण नीट समजून घ्यायला हवे.

कापसाच्या रानात

फॅनी लू टाउनसेंड यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी मिसिसिपी राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत झाला. आईवडिलांना २० मुले, त्यातली ही सर्वांत धाकटी. फॅनी लू दोन वर्षांची असताना कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत आले. मिसिसिपी नदीच्या गाळाने काळीभोर झालेल्या या भागाला डेल्टा म्हणतात. जमीन सोन्यासारखी, पण ती गोऱ्या मळेवाल्यांची. राबणारे हात कृष्णवर्णीयांचे.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. तिच्या जागी बटाईची शेती आली. जमीन मालकाची, बियाणे-खत मालकाच्या उधारीवर, किराणा मालकाच्याच दुकानातून. पीक निघाले की निम्मे मालकाचे, आणि उरलेल्या निम्म्यातून उधारी वळती व्हायची. वहीही मालकाची, हिशोबही मालकाचा. वर्षभर राबूनही डोक्यावर कर्ज उरायचे. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. ऊसतोडीची उचल ज्यांच्या घरात आली आहे, त्यांना तर ते वेगळे सांगायलाच नको.

फॅनी लू सहा वर्षांची होती. मळेवाल्याने तिला दुकानातल्या खाऊचे आमिष दाखवले आणि त्यासाठी ३० पौंड कापूस वेचायला सांगितला. पोरीने तो वेचला. त्या दिवसापासून ती कामाला जुंपली गेली ती जन्मभरासाठी. तेराव्या वर्षी ती दिवसाला दोनशे पौंडांहून जास्त, म्हणजे ९० किलोंच्या वर कापूस वेचत होती, तेही लहानपणी पोलिओ झालेल्या पायाने. शाळा वर्षातून चारेक महिने भरायची. बाकीचे महिने रानात हात लागत, म्हणून शाळा बंद.

एकदा वडिलांनी पै पै जमवून खेचरे, अवजारे आणि एक गाडी घेतली. कुटुंब स्वतःच्या पायावर उभे राहू लागले होते. एका रात्री कोणीतरी गोऱ्या माणसाने खेचरांच्या खाद्यात विष कालवले. जनावरे मेली, आणि घर पुन्हा होते तिथेच आले. कृष्णवर्णीय कुटुंब वर येताना दिसले की ते कसे खाली ओढायचे, याचा हा पहिला धडा फॅनी लू यांना घरातच मिळाला.

१९४४ साली त्यांनी पेरी हॅमर या ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतमजुराशी लग्न केले. रुलव्हिल गावाजवळच्या एका मळ्यावर दोघे १८ वर्षे राबले. फॅनी लू यांना लिहिता-वाचता येत होते, म्हणून मालकाने त्यांना हजेरी आणि वजनाच्या नोंदीचे काम दिले. मालकाचे वजन खोटे असायचे. मजुराने वेचलेला कापूस त्यात कमी भरायचा. मालकाची पाठ वळली की फॅनी लू काट्याला खरे वजन लावत आणि मजुराला त्याच्या कष्टाचे पूर्ण माप मिळवून देत. चळवळीत येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा लढा असा काट्यावर सुरू झालेला होता.

शरीरावरचाही हक्क नाही

१९६१ साली गर्भाशयातली गाठ काढण्यासाठी त्या दवाखान्यात दाखल झाल्या. गोऱ्या डॉक्टरने त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशयच काढून टाकले. ही गोष्ट त्यांना नंतर इतरांकडून कळली.

हा एकट्या डॉक्टरचा दोष नव्हता. गरीब कृष्णवर्णीय बायकांची अशी परस्पर नसबंदी दक्षिणेत इतकी सर्रास होत होती की लोक तिला कडवट विनोदाने मिसिसिपीचे अपेंडिक्स ऑपरेशन म्हणत. कोर्टात जावे तर वकील गोरा, न्यायाधीश गोरा, ज्यूरी गोरी. फॅनी लू त्या वेळी गप्प राहिल्या. पुढे १९६४ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांनी हे जाहीरपणे सांगितले. ज्या गोष्टीची बाईला लाज वाटावी असे समाजाने ठरवले होते, ती त्यांनी व्यवस्थेच्या लाजेची गोष्ट करून टाकली.

हॅमर दांपत्याने दोन मुलींना दत्तक घेऊन वाढवले.

इंडियानोलाची बस

मिसिसिपीत १९६० च्या सुमारास सुमारे ४२ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. मतदार यादीत मात्र त्यांच्यातल्या प्रौढांपैकी सात टक्केही नव्हते. ही किमया राज्याच्या १८९० च्या घटनेची. तिच्यात कुठेही कृष्णवर्णीयांना मत नाही असे लिहिलेले नव्हते. मतदाराने कर भरलेला असावा, त्याला वाचता यावे, आणि घटनेतल्या एखाद्या कलमाचा अर्थ सांगता यावा, एवढेच लिहिले होते. कलम कोणते आणि उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणार गोरा नोंदणी अधिकारी. अडाणी गोरा पास व्हायचा, शिकलेला कृष्णवर्णीय नापास. १९६२ साली तर राज्याने आणखी एक कायदा केला. नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्याचे नाव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायचे. म्हणजे मालकाला, सावकाराला आणि रात्री बंदूक घेऊन फिरणाऱ्या टोळीला घरपोच यादी.

ऑगस्ट १९६२ मध्ये रुलव्हिलच्या चर्चमध्ये स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी, म्हणजे स्निक या तरुणांच्या संघटनेचे कार्यकर्ते आले. त्यांनी सभेत मताच्या हक्काबद्दल सांगितले आणि कोर्टात नोंदणीला कोण येणार असे विचारले. फॅनी लू यांनी हात वर केला.

३१ ऑगस्टला १८ जण एका जुन्या बसने इंडियानोलाला निघाले. हे गाव साधे नव्हते. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल १९५४ साली आला, तेव्हा त्याला विरोध करण्यासाठी गोऱ्यांची सिटिझन्स कौन्सिल याच गावात जन्मली होती. याच काउंटीत सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा मोठा मळा होता, आणि हे गृहस्थ देशाच्या सिनेटमधल्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. कायदा आणि मळा एकाच घरात नांदत होते.

फॅनी लू यांना घटनेतले एक किचकट कलम समजावून सांगायला लावले. त्या नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. बसचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा दिसतो, हा गुन्हा. १०० डॉलर दंड. घासाघीस करून तो ३० वर आला, आणि त्या गरिबांनी खिसे झाडून तो भरला. बसमध्ये सगळे घाबरून गप्प बसले असताना फॅनी लू चर्चमधली भजने म्हणू लागल्या. हळूहळू सगळी बस गाऊ लागली. या आवाजाची चळवळीला पुढे फार गरज पडणार होती.

घरी पोहोचायच्या आत बातमी मळ्यावर पोहोचली होती. मालकाने सांगितले की नोंदणीचा अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्यांनी अर्ज मागे घेतला नाही. १८ वर्षांचा संसार त्याच रात्री तुटला. कापूस वेचून होईपर्यंत पतीला मालकाने अडकवून ठेवले. १० सप्टेंबरच्या रात्री, ज्या घरात त्यांनी आसरा घेतला होता त्या घरावर १६ गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वाचल्या.

जानेवारी १९६३ मध्ये त्या पुन्हा इंडियानोलाला गेल्या आणि परीक्षा पास झाल्या. घटनेची कलमे त्यांनी स्निकच्या तरुणांकडून समजून घेतली होती. पण मत तरीही देता आले नाही, कारण दोन वर्षांच्या कराच्या पावत्या लागत होत्या. दार उघडले की आत दुसरे दार. त्या आता स्निकच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या.

विनोनाचा तुरुंग

१९६३ चे साल आंदोलनाचे होते. मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात शाळकरी मुले हजारांनी रस्त्यावर आली. पोलिसांनी त्यांच्यावर कुत्रे सोडले, आगीच्या बंबांचे पाणी मारले. ती छायाचित्रे जगभर गेली. पण आंदोलनाच्या काळात होणारा सगळाच अत्याचार कॅमेऱ्यासमोर होत नसतो. मोठ्या शहरात कॅमेरा असतो, वकील असतो, नेता असतो. लहान गावच्या पोलीस ठाण्यात यांतले कोणीच नसते.

९ जून १९६३. फॅनी लू आणि काही सहकारी साउथ कॅरोलायनातले प्रशिक्षण शिबिर आटोपून बसने परतत होते. विनोना गावात बस थांबली. काही जण थांब्यावरच्या उपाहारगृहात गेले. बस प्रवासातल्या सोयीसुविधांमध्ये वर्णभेद करायला देशाच्या कायद्याने तेव्हा बंदी होती. तरी पोलिसांनी त्यांना हुसकावले. बाहेर आल्यावर ॲनेल पाँडर या कार्यकर्तीने पोलिसांच्या गाडीचा नंबर लिहून घेतला. एवढे पुरे होते. सगळ्यांना अटक झाली. बसमधून उतरून काय चालले आहे हे पाहणाऱ्या फॅनी लू यांनाही लाथ घालून गाडीत कोंबले.

कोठडीत एकेकाला बाहेर नेऊन मारले. अधिकाऱ्याला साहेब म्हणत नाही म्हणून ॲनेल पाँडर यांना रक्तबंबाळ केले. १५ वर्षांच्या जून जॉन्सन या मुलीलाही सोडले नाही. फॅनी लू यांना दुसऱ्या कोठडीत नेले. तिथे दोन कृष्णवर्णीय कैदी होते. अधिकाऱ्यांनी त्यांच्या हातात धातू भरलेला चामडी सोटा दिला आणि या बाईला मारायला लावले. पहिला दमेपर्यंत मारत राहिला, मग दुसऱ्याची पाळी. मारताना कपडे वर सरकले, ते त्यांनी सावरले, तर एका अधिकाऱ्याने ते पुन्हा वर ओढले. शोषितांच्या हातूनच शोषिताला मारायचे, आणि बाईला मारताना तिची अब्रूही घ्यायची, ही पद्धत जगभर सारखीच आहे.

त्यांची विचारपूस करायला आलेल्या लॉरेन्स गायट या तरुण कार्यकर्त्यालाही पोलिसांनी पकडून मारले. १२ जूनला सगळे सुटले. सुटल्यावर बातमी कळली की त्याच पहाटे मिसिसिपीतले नेते मेडगर एव्हर्स यांची जॅक्सन शहरात, त्यांच्या घराच्या दारात गोळी घालून हत्या झाली आहे.

फॅनी लू यांचे मूत्रपिंड कायमचे निकामी होत गेले, एका डोळ्यामागे रक्त साकळले, लंगडणे वाढले. केंद्र सरकारने पाच जणांवर खटला भरला. डिसेंबरमध्ये ऑक्सफर्ड गावच्या कोर्टात तो चालला. पीडितांनी उभे राहून साक्षी दिल्या. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने पाचही जणांना निर्दोष सोडले.

१९६४ चा उन्हाळा

पुढच्या वर्षी चळवळीने ठरवले की मिसिसिपीचा अंधार देशाला दाखवायचा. उत्तरेतल्या विद्यापीठांतून सुमारे एक हजार तरुण, बहुतेक गोरे, मिसिसिपीत आले. मतदार नोंदणी, शाळा, वाचनालये असे काम सुरू झाले. येणाऱ्या मुलांना तयार करणाऱ्यांत फॅनी लू होत्या. गोऱ्या मुलांनी यावे की नाही यावर संघटनेत मोठा वाद होता. आपण वर्णभेद मोडायला निघालो आहोत, तर तो आपल्यातही असता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती.

२१ जूनला तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले. जेम्स चेनी हा कृष्णवर्णीय, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे दोघे गोरे. उपशेरीफने त्यांना अटक केली, रात्री सोडले, आणि कू क्लक्स क्लॅनच्या मारेकऱ्यांच्या हाती दिले. ४ ऑगस्टला त्यांचे मृतदेह एका मातीच्या बांधाखाली सापडले. गोरी मुले बेपत्ता होती म्हणून सारा देश शोधत होता. त्या शोधात नदीतून दुसऱ्याच कृष्णवर्णीय तरुणांचे मृतदेह वर आले. त्यांचा शोध तोवर कोणी घेतलाच नव्हता. कोणाच्या जिवाची काय किंमत आहे, हे त्या नदीने उघड केले.

त्या एका उन्हाळ्यात हजाराच्या वर लोकांना अटक झाली, अनेकांना मारहाण झाली, कृष्णवर्णीयांची तीसहून अधिक चर्च जाळली किंवा उडवली गेली. तिघांच्या खुनाचा खटला मिसिसिपी राज्याने त्या वेळी चालवलाच नाही. १९६७ साली केंद्राच्या कोर्टात सात जणांना शिक्षा झाली ती नागरी हक्क हिरावल्याबद्दल. राज्याच्या कोर्टात एका सूत्रधाराला दोषी ठरवायला २००५ साल उजाडले.

दोन जागांचा तुकडा

मिसिसिपीतला डेमोक्रॅटिक पक्ष कृष्णवर्णीयांना दारातही उभे करत नव्हता. म्हणून एप्रिल १९६४ मध्ये मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन झाली. ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीत पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन होते. तिथे या नव्या पक्षाने दावा केला की मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी आम्ही आहोत, कारण आमच्याकडे वर्णभेद नाही.

२२ ऑगस्टला फॅनी लू समितीसमोर बसल्या. बस, मळा, १६ गोळ्या, विनोनाची कोठडी, सगळे त्यांनी साध्या भाषेत सांगितले. समोर कागद नव्हता. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना दक्षिणेतल्या गोऱ्यांची मते जाण्याची भीती होती. साक्ष सुरू असतानाच त्यांनी तातडीने पत्रकारांना बोलावले, आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळले. पण रात्रीच्या बातम्यांत ती साक्ष दाखवली गेली, आणि दिवसापेक्षा जास्त लोकांनी ती पाहिली.

मग तडजोड पुढे आली. पूर्ण प्रतिनिधित्वाऐवजी दोन जागा, त्याही सर्वसाधारण, आणि त्यांवर कोण बसणार हे पक्षाचे वरिष्ठ ठरवणार. फॅनी लू त्या दोघांत असू नयेत याचीही काळजी घेतलेली होती. चळवळीतल्या अनेक मोठ्या, शिकलेल्या नेत्यांनी सल्ला दिला की हे स्वीकारा, राजकारण असेच असते. फॅनी लू यांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या शेतमजूर, न्हावी, शिंपी, घरकाम करणाऱ्या प्रतिनिधींनी नकार दिला. दोन जागांसाठी त्यांनी एवढा मार खाल्ला नव्हता.

आपला प्रतिनिधी दुसऱ्याने निवडावा की आपण, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९३२ च्या पुणे करारात बाबासाहेबांना याच प्रश्नाने घेरले होते. जागा मिळणे आणि प्रतिनिधित्व मिळणे यांत अंतर असते. कापूस वेचणाऱ्या त्या बाईला ते पुस्तक न वाचता कळले होते.

त्या वेळी त्या हरल्या असे सगळ्यांना वाटले. पण वर्णभेदी प्रतिनिधी मंडळाला पुढच्या अधिवेशनात जागा मिळणार नाही, हे पक्षाला मान्य करावे लागले. १९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात फॅनी लू मिसिसिपीच्या प्रतिनिधी म्हणून आत आल्या, तेव्हा सभागृह उभे राहिले.

कायदा झाला, भूक राहिली

मार्च १९६५ मध्ये सेल्मा गावच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी घोडे घातले, अश्रुधूर सोडला. देश हादरला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला. साक्षरतेची परीक्षा गेली, नोंदणीवर केंद्राची नजर आली. १९६७ पर्यंत मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांची नोंदणी साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचली.

मळेवाल्यांचे उत्तर तयार होते. कापूस वेचायला यंत्रे आली होती. ज्याने नाव नोंदवले त्याला काम नाही. लोक मताने मोकळे झाले आणि पोटाने अडकले. १९६७ साली हॅमर यांची थोरली मुलगी डोरोथी कुपोषणाने खंगलेली असताना आजारी पडली. जवळपास उपचार मिळाले नाहीत. मेम्फिसपर्यंत नेईपर्यंत ती गेली. तिच्या दोन लहान मुली हॅमर दांपत्याने स्वतःच्या म्हणून वाढवल्या.

मताबरोबर जमीन हवी, हे फॅनी लू यांनी ओळखले. १९६९ साली त्यांनी ४० एकरांवर फ्रीडम फार्म ही सहकारी शेती सुरू केली. पुढे ती सहाशे एकरांच्या वर गेली. भाजीपाला राबणाऱ्यांत वाटून घ्यायचा. डुकरांची एक बँक काढली. कुटुंबाला गाभण डुकरीण द्यायची, व्याल्यावर काही पिल्ले बँकेला परत, ती पुढच्या कुटुंबाला. स्वस्त घरे बांधायला मदत करायची. पूर, दुष्काळ, कर्ज आणि त्यांचे स्वतःचे आजारपण यांत १९७० च्या दशकात ही शेती बुडाली. पण मालकाच्या दयेवर जगणाऱ्याचे मत कधीही विकत घेता येते किंवा धाकाने वळवता येते, हा त्यांचा मुद्दा बुडाला नाही.

१४ मार्च १९७७ रोजी माउंड बायू गावच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय ५९. कर्करोग, रक्तदाब आणि विनोनाच्या मारापासून दुखत राहिलेले शरीर. हाती पैसा नव्हता. अंत्यविधीला मोठी माणसे आली, भाषणे झाली. शेवटच्या आजारपणात मात्र दारी फारसे कोणी फिरकले नव्हते. २०१२ साली रुलव्हिलमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर जाहीर झाला. कार्यकर्ता जिवंत असताना त्याचे औषधपाणी आणि मेल्यावर त्याचा पुतळा यांत आपली चळवळ कशावर जास्त खर्च करते, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारून पाहावा.

आपल्यासाठी

मित्रांनो, आपला आणि त्यांचा धागा जुना आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन्ही लढ्यांचे दुःख एक जातीचे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

फॅनी लू यांच्या आयुष्याशेजारी एक गोष्ट ठेवून पाहा. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. साक्षरतेची अट नाही, मालमत्तेची अट नाही. पुढे संविधानाच्या कलम ३२६ ने हाच हक्क दिला, आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या अंगठेबहाद्दर आजी-आजोबांनी मत दिले. त्याच्या दहा वर्षांनंतरही, जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकशाहीत, लिहिता-वाचता येणाऱ्या एका बाईला मतदार यादीत नाव घालण्यासाठी घरादारावर पाणी सोडावे लागत होते. आपल्या बोटावरची शाई किती स्वस्तात मिळाली असे आपल्याला वाटते, आणि ती मिळवून देणाऱ्याने काय मोजले, याचा अंदाज यावरून करावा.

मिळालेला हक्क कायम राहतोच असेही नाही. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्याचा एक मुख्य आधार काढून घेतला, आणि तिथल्या कार्यकर्त्यांना पुन्हा दारोदार फिरावे लागत आहे.

आंदोलनात उतरणाऱ्या तरुणांनी विनोनामधून एक साधी गोष्ट घ्यावी. ॲनेल पाँडर यांनी गाडीचा नंबर लिहिला, म्हणून पोलीस बिथरले. अत्याचार करणाऱ्याला नोंदीची भीती वाटते. कोणाला पकडले, कुठे नेले, किती वाजता, अंगावर कुठे मार आहे, वैद्यकीय तपासणी झाली का, वकील गेला का, हे लिहून ठेवणारा एक जण प्रत्येक मोर्चात असला पाहिजे. आणि ज्याला मार बसला, विशेषतः ती बाई असेल तर, तिला बोलू दिले पाहिजे. फॅनी लू कोर्टात हरल्या, कारण ज्यूरी गोरी होती. पण त्या सांगत राहिल्या, गावात, चर्चमध्ये, अधिवेशनात, आणि त्या सांगण्यानेच मिसिसिपीचे तोंड जगासमोर उघडे पडले.

काट्याला खरे वजन लावणाऱ्या या बाईला विनम्र अभिवादन.